भिगवणचे रोहित, मोटारबोट आणि आपला कॅमेरा

भीमाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:१०

मंडळी, मागच्या रविवारी आईबाबांना घेऊन भिगवणला जाऊन आले. पहाटे चारला पुणं सोडलं आणि उजाडायच्या सुमारास कुंभारगावच्या काठावर पोचलो. आई आता बहात्तर वर्षांची आहे. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिने आजवर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. पाण्यावर दाट धुकं होतं, त्यामुळे आधी नुसता गलका ऐकू आला, बदकांच्या थव्यासारखा, जरा घोगरा. मग धुकं थोडं हललं आणि साठ-सत्तर रोहित उथळ पाण्यात चरताना दिसले.

नावाडीदादांनी मोटार बरीच लांब बंद केली आणि बांबू रोवत होडी पुढे नेली. सगळ्यात जवळचा रोहित मान खाली घालून एकाच जागी गोल फिरत होता. पाय मात्र सारखे खालीवर, परातीतली कणीक तुडवावी तसे. आई म्हणाली, "हा नाचतोय का गं?" मी सांगितलं, चिखल ढवळतोय. त्यातले किडे-अळ्या वर येतात आणि तो पाणी गाळून खातो. खाताना चोच खरोखर उलटी असते, वरचा जबडा खाली. आई दहा मिनिटं जागची हलली नाही.

तेवढ्यात दुसरी होडी आली. चार कॅमेरे, मोठमोठ्या लेन्स. मोटार चालूच. ती सरळ थव्यात घुसली. रोहितांना जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो. ते माना पुढे ताणून धडपडत धावले आणि उठले. त्या होडीत टाळ्या पडल्या. आमच्या नावाडीदादांनी मला विचारलं, "ताई, आपन बी उडवायचे का एकदा? फोटूत लाल पंख लई भारी येतात." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नको रे बाळा, जेवत होते ते."

मला तेव्हा फार लाज वाटली, कारण तीन वर्षांपूर्वी याच पाण्यावर मी स्वतः नावाड्याला "जरा जवळ घ्या ना, उडू देत" असं सांगितलं होतं. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे.

तर विचारायचं असं, की तुम्ही लोक फिरायला जाता तेव्हा हे कसं सांभाळता? नावाड्याला, गाइडला काय सांगता? आणि पक्ष्याला त्रास न होता बरा फोटो मिळायला काय करावं लागतं? मनापासून विचारतेय.

*

उजनीचं_पाणी | १४ जानेवारी, रात्री १०:०२

ताई, मी त्याच भागातला. आमच्या घरची होडी आहे, चुलते चालवतात. चांगला विषय काढलात.

आधी पाण्याचं सांगतो, कारण बाहेरचे लोक पाणी न बघता येतात आणि सगळं तिथूनच बिघडतं. उजनी धरण भरलं की भिगवणचा काठ बुडतो. रोहिताला उथळ पाणी आणि चिखल लागतो, म्हणून धरण तुडुंब असताना ते कमी दिसतात. जानेवारीनंतर पाणी उतरायला लागतं, चिखलाची बेटं उघडी पडतात, मग थवे वाढत जातात. लोक नोव्हेंबरात येतात, चार रोहित लांबवर दिसतात, आणि मग "अजून जवळ घ्या, अजून जवळ" सुरू होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या, जवळ जायची गरजच पडत नाही.

दुसरं, नावाड्याच्या बाजूनेही बघा. आमच्याकडच्या गावांच्या जमिनी धरणात गेल्या. मासेमारी आली, चिलापीवर घरं चालली. त्यानंतर हे पक्ष्यांचं काम मिळालं. गिऱ्हाईक उतरताना म्हणालं, "फ्लाइट शॉट नाही मिळाले," की पुढच्या वेळी ते दुसऱ्या होडीत बसतं. चुलते स्वतःहून थवा उडवत नाहीत, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना जड जातं. म्हणून होडीत पाय ठेवायच्या आधीच सांगा: "दादा, उडवायचे नाहीत. मोटार लांब बंद करा. वेळ जास्त लागला तरी चालेल, त्याचे पैसे देऊ." एवढं सांगितलं की नावाडी मोकळा होतो. खरं सांगतो, त्यालाही तसंच आवडतं. माझे चुलते मोरशराटी चालण्यावरून ओळखतात. त्यांच्याशी बोला, नुसतं "तिकडे घ्या, इकडे घ्या" करू नका.

उडणारे रोहित हवेच असतील तर थांबा. ऊन वर आलं की ते एका जागेवरून दुसऱ्या जागी आपणहून जातात. नाहीतर 'दलदली भोवत्या' हा शिकारी पक्षी एक चक्कर मारतो आणि सगळं पाणी उठतं.

*

नवीन_दुर्बीण | १५ जानेवारी, सकाळी ८:१५

मी अगदी नवखी आहे. ८x४२ दुर्बीण घेतली आहे. कॅमेरा कोणता घ्यावा? बजेट फार नाही, आणि प्रवासात जड सामान नको.

*

खाडीपलीकडे | १५ जानेवारी, सकाळी ११:४०

@नवीन_दुर्बीण, दुर्बीण अगदी योग्य घेतलीत. होडीत १० पटीची दुर्बीण हातात फार हलते, ८ ची बरी. कॅमेऱ्याची घाई करू नका. एक हिवाळा नुसत्या दुर्बिणीवर काढा, पक्षी काय करणार आहे हे आधी कळायला लागतं. त्यानंतर घेतलेला कुठलाही कॅमेरा चांगला चालतो. कमी खर्चात आणि एकाच पिशवीत मावणारं हवं असेल तर ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता मोठा झूम देणारा) बघा. निकॉनच्या पी९०० ला ८३ पट ऑप्टिकल झूम आहे, जुना वापरलेला मिळू शकतो. भर उजेडात छान फोटो देतो, संध्याकाळी मात्र दमतो. लेन्स बदलायचा कॅमेरा आधीच असेल तर ७०-३०० मिमीच्या लेन्सने सुरुवात करा. १५०-६०० गळ्यात अडकवून दिवसभर फिरणं हे पाठीचं काम आहे.

भीमाकाठताई, फोटोच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर. एक, उजेड पाठीशी ठेवा. सकाळी नावाड्याला सांगायचं, सूर्य आपल्या मागे राहू दे. दोन, होडीत उभं राहू नका. शक्य तितकं खाली बसा, कॅमेरा पाण्याच्या जवळ आला की पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो आणि मागचं पाणी मऊ दिसतं. शिवाय उभ्या माणसाला पक्षी लवकर बिचकतात. तीन, होडीच्या कडेवर कोपर टेकू नका, मोटारीची थरथर थेट लेन्समध्ये येते. ट्रायपॉड होडीत कुचकामी. चार, बगळा किंवा रोहित उन्हात असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या पुढे न्या, आयएसओ वाढला तर वाढू दे.

आणि आमच्या ठाणे खाडीलाही या. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत आलं. ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते, तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. इथे छोट्या रोहितांची संख्या जास्त, ते पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतात. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की थवे आजूबाजूच्या पाणथळ जागांवर येतात, नेरूळला तर इमारतींच्या सावलीत. काठावर उभं राहून, एक पाऊलही पुढे न टाकता दिसतात. मी माझ्या मुलीला शाळेत सोडून जाताना बघतो.

*

आंबोलीचा_पाऊस | १५ जानेवारी, रात्री ९:३०

मला तिबोटी खंड्याबद्दल लिहायचं आहे. बरेच दिवस मनात होतं.

पावसाच्या तोंडावर हा कोकणात आणि घाटात घरटी करायला येतो. चिमणीपेक्षाही लहान, चोच लालभडक, अंगावर जांभळा-नारिंगी-निळा असे रंग, की एकदा दिसला की माणूस वेडा होतो. रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. चार वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एकाने घरटं शोधलं आणि जून संपायच्या आत तिथे रोज पंधरा-वीस गाड्या लागायला लागल्या. पुण्या-मुंबईहून, बेळगावहून लोक येत. मीही गेलो. रेनकोट घालून, रांगेत.

समोर फांदीवर नर की मादी ते ठाऊक नाही, पण एक पक्षी चोचीत सापसुरळी धरून बसला होता. सगळे खूश, कारण फोटोत भक्ष्य हवंच असतं. बर्स्टवर बर्स्ट. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो बिळात जातच नाहीये. सापसुरळीचं शेपूट लोंबतंय, तो मान वळवून बिळाकडे बघतो, परत आमच्याकडे बघतो, जागेवर थोडा सरकतो. मी घड्याळ लावलं. तेवीस मिनिटं तो तसाच बसून होता. शेवटी पावसाची मोठी सर आली, लोक गाड्यांत पळाले, आणि त्याच क्षणी तो सुरकन बिळात गेला.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी बिळासमोरच्या वेली कापून टाकल्या होत्या, बॅकग्राउंड मोकळं व्हावं म्हणून. चौथ्या दिवशी बीळ उकरलेलं दिसलं. मुंगूस असेल, घोरपड असेल. आडोसा गेल्यावर कुणालाही ते दिसलं असतं. त्या दिवसाचे माझे तीनशे फोटो मी कुठेही टाकले नाहीत.

कायद्याचंही सांगतो, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणंही येतं. बंदूक हातात असायलाच हवी असं नाही.

*

शटरवेळ | १६ जानेवारी, सकाळी ७:२०

तुमचा अनुभव वाईटच आहे, पण एका चुकीच्या गर्दीवरून सगळे घरट्यांचे फोटो बंद करा असं म्हणाल तर ते मला पटत नाही. तिबोटीचे फोटो बघूनच कितीतरी लोक कोकणातली जंगलं बघायला लागले. गावातल्या पोरांना काम मिळालं. घरट्यापासून लांब, हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसून, तासाभरात निघून गेलं तर काय बिघडतं?

*

आंबोलीचा_पाऊस | १६ जानेवारी, दुपारी १:०५

@शटरवेळ, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. मी स्वतः फोटो बघूनच या नादाला लागलो. पण तुम्ही एक तास बसाल, तुमच्यानंतरचा एक तास बसेल, आणि पिल्लांच्या वाटचा दिवस संपेल. घरटं एका माणसाला कळून थांबत नाही. म्हणून माझ्यापुरतं ठरवलं आहे: घरट्याचा फोटो नाही, आणि घरटं कुठे आहे हे फोनवरही सांगायचं नाही. तिबोटी घरट्यापासून लांब ओढ्यावर बसतो, पिल्लं बाहेर पडल्यावर आईबापांबरोबर दिसतो. तिथे मिळालेला फोटो मला जास्त आवडतो. त्यात तो माझी वाट बघत बसलेला नसतो.

*

धुऱ्यावरून | १६ जानेवारी, रात्री ८:४५

गोंदियाहून लिहितो. आमच्याकडे सारस आहेत. महाराष्ट्रात सारस पाहायचा म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडेच यावं लागतं. माणसाच्या उंचीचा पक्षी आणि घरटं बांधतो ते धानाच्या बांधीत, भर पाण्यात. पावसाळ्यात रोवणी झाली की जोडी एखादी बांधी निवडते. सहसा दोन अंडी. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात.

इथे घरट्याचा मालक सारस, आणि जमिनीचा मालक शेतकरी. घरट्यापायी त्याचं थोडं धान जातं. आमच्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ते सोसलंय, घरट्याभोवती निंदण केलं नाही, कुत्री हाकलली. पण मागल्या वर्षी बाहेरून आलेले दोघेजण न विचारता बांधीत उतरले, गुडघाभर चिखलात धान तुडवत. शेतकरी मला म्हणाला, "सारस तं माह्या धानातून अलगद चालते जी, या लोकायनं सारं लोळवलं." त्याला सारसाचा राग आला नव्हता, पण यंदा त्याने कोणालाच शेतात येऊ दिलं नाही. बरोबर केलं त्याने.

तर फोटो काढायचा असेल तर आधी शेतकऱ्याच्या घरी जा, चहा घ्या, विचारा. मग धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जेवढं तो सांगेल तेवढ्याच अंतरावरून. फोटोची प्रत नंतर त्याला आणून द्या. एका घरी देवाच्या फोटोशेजारी सारसाची जोडी लावलेली आहे, ती मी दिलेली.

*

मांडवीतीर | १६ जानेवारी, रात्री ११:१०

गोव्यातून एवढंच. फोटो टाकताना ठिकाण लिहायची सवय सोडा. "गोवा, जानेवारी" एवढं पुरे. घुबडं, धनेश, नवरंग यांच्या बाबतीत तर नक्कीच. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी ठिकाणं मुद्दाम झाकलेली असतात. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात यायचं असेल तर रायबंदरहून फेरीबोट आहे, खारफुटीतला खंड्या बघा. ते ठिकाण सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

*

माळावरची_टिटवी | १७ जानेवारी, सकाळी ६:५०

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवण्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

मे-जूनमध्ये नवरंग येतात. आपल्याकडे येतात ते वीण करायला, त्यामुळे प्रत्येक नराची हद्द ठरलेली असते. कोणीतरी झुडपाशी स्पीकर लावतो. नराला वाटतं, दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला. तो सगळं सोडून तिथे येतो, छाती फुगवतो, ओरडतो, शत्रू शोधत राहतो. शत्रू नसतोच. तो दमून गप्प झाला की पुढची तुकडी येते आणि परत वाजवते. रानपिंगळा या छोट्या घुबडाचंही तेच. शंभरहून अधिक वर्षं हा पक्षी संपला असंच धरलं जात होतं, १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. घुबड असून दिवसा वावरतो, म्हणून फोटोवाल्यांना सोपा वाटतो. जगात फक्त भारतात उरलेला पक्षी. त्याला स्पीकरने फांदीवर ओढून आणायचं, हे मला सहनच होत नाही.

मी गाइडला निघायच्या आधी विचारते, "कॉल लावता का?" हो म्हणाला तर दुसरा गाइड बघते.

आणि पक्षी आधीच सांगत असतो की पुरे झालं. बदकं पोहायची थांबून माना ताठ करतात. रोहित चरणं सोडून सगळे एका दिशेने चालायला लागतात, ही उडायच्या आधीची खूण. टिटवी डोक्यावर येऊन ओरडत असेल तर अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायाजवळ आहेत, आल्या पावली मागे फिरा. या खुणा शिकल्या तर कुठल्याच नियमांची यादी पाठ करायला नको.

*

गाडीची_खिडकी | १७ जानेवारी, दुपारी ३:३०

भरतपूरला गेलो होतो डिसेंबरात. केवलादेवमध्ये सायकलरिक्षा असतात आणि रिक्षावालेच गाइड. आमचे सरदारजी गेली कित्येक वर्षं तेच काम करत होते, दुर्बीण स्वतःची. पॅडल मारता मारता झाडाकडे बोट दाखवायचे आणि तिथे घुबड असायचंच. रिक्षा थांबली तरी पक्षी ढिम्म हलत नाहीत, कारण तिचा आवाज नाही आणि ती रस्ता सोडत नाही. चित्रबलाकांची वसाहत इतक्या जवळून पाहिली की पिल्लं भूक लागल्यावर कशी ओरडतात ते ऐकू आलं. मला वाटतं भिगवणलाही वल्ह्याच्या होड्या मागितल्या पाहिजेत. जरा जास्त पैसे पडले तरी चालेल.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला काहीसं असंच जमलं आहे. चापडगावच्या बाजूने आत गेलं की मनोरे आहेत. माणूस मनोऱ्यावर, पक्षी पाण्यात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ तेच, २०२० चं. थंडीत शनिवारी-रविवारी गर्दी फार, मधल्या वारी जा.

*

उजनीचं_पाणी | १७ जानेवारी, रात्री ९:५५

@गाडीची_खिडकी, वल्ह्याने येता येईल, पण पाणी फार पसरलेलं आहे आणि दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. जाता-येता मोटार, पक्ष्यांजवळ बांबू, हे जमतं. चुलत्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, तेवीस मिनिटांचं परत वाच.

अजून एक, खायला टाकू नका. लोक कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठ्या टाकतात, मग ते होडीमागे लागतात आणि हातातोंडाशी येऊन फोटो देतात. थंडीपुरता लांबून आलेला पक्षी तो, मासे पकडायचं सोडून तेलकट शेव खातो. आमच्या होडीत शेवेचं पाकीट काढलं की चुलते हात जोडतात.

*

खाडीपलीकडे | १८ जानेवारी, सकाळी १०:२०

फोटोची बाजू घेणारं एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका तलावावर पट्टकादंब हंसांचा थवा होता, खूप लांब. फोटो अगदीच धूसर आला. घरी मोठा करून बघितला तर एका हंसाच्या मानेत पट्टा, त्यावर अक्षरं. बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) पाठवला. उत्तर आलं, पट्टा मंगोलियात बांधलेला. हिमालय ओलांडून आलेला तो पक्षी सोलापूरच्या अलीकडे एका तलावात हरभऱ्याच्या शेताशेजारी झोपला होता, आणि ते मला माझ्या सगळ्यात वाईट फोटोमुळे कळलं. त्यामुळे लांबूनच काढा, पण काढा. चेकलिस्टसोबत ईबर्डवर टाका. पाय, मान यांवर नजर ठेवा, पट्टा किंवा कडं दिसलं तर अक्षरं-रंग लिहून घ्या.

*

भीमाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

तुम्हा सगळ्यांचं वाचून परवा पुन्हा जाऊन आले. @उजनीचं_पाणी, तुमच्या चुलत्यांच्याच होडीत बसलो. मी बोलायच्या आधी आईनेच त्यांना सांगितलं, "भाऊ, उडवायचे नाहीत हं." ते हसले, म्हणाले, "काकू, वाचलंय आमी."

पाणी बरंच उतरलं होतं. एका चिखलाच्या बेटापासून दूर मोटार बंद केली आणि पाऊण तास तिथेच थांबलो. शेकाटे होडीच्या इतके जवळ चरायला आले की त्यांच्या लाल पायांचं प्रतिबिंब आईला दुर्बिणीशिवाय दिसत होतं. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून उभे होते, मासा लागला की चोच मिटायची. साडेनऊच्या सुमारास रोहितांची एक रांग आपणहून उठली आणि आमच्या डोक्यावरून गेली. पंखांचा आवाज ऐकू आला. कॅमेरा माझ्या मांडीवर होता, उचलायला उशीर झाला, शेवटच्या तिघांचे फोटो मिळाले. त्यातला एक चांगला आहे.

दिवाणखान्यातला जुना फोटो काढून ठेवला. तिथे आता हे तिघे लावणार आहे.

*

नवीन_दुर्बीण | ९ फेब्रुवारी, रात्री ९:०५

ताई, फोटो इथे टाका ना! आणि त्या चुलत्यांच्या होडीत पुढच्या रविवारी दोन जागा मिळतील का? माझी आजी पण येते म्हणाली.

*

उजनीचं_पाणी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मिळतील. सहाला काठावर या. आजींसाठी बसायला पाठ असलेली खुर्ची ठेवतो, आणि दुपारी घरीच जेवा, चिलापी आणि ज्वारीची भाकरी.